दोन वाजता उघडलेला बाजार

संपूर्ण गोव्यात सरकारची रीतसर परवानगी काढून रागावणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. इतरांना राग येतो आणि ते ओरडून मोकळे होतात. आमच्या साडूभाऊंना राग आला की ते आधी त्याचा अर्ज लिहितात, अर्जावर तारीख घालतात, खाली 'आपला नम्र' लिहून सही करतात आणि अर्ज मंजूर होऊन परत येईपर्यंत तो राग घडी घालून मनात ठेवून देतात. मंजुरी आली की ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, ठरल्या वेळात रागावतात, आणि वेळ संपली की चेहरा पुसून घरी जेवायला जातात. साखळीच्या बाजारात माझे स्टेशनरीचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक रागाच्या तीन प्रती माझ्याच दुकानातून निघालेल्या आहेत. एक कचेरीला, एक फाईलला, आणि तिसरी कशाला म्हणून विचारले तर म्हणतात, "आसांदी रे शेट. कागद कधी खय जातलो सांगूक येना."

हा स्वभाव त्यांनी फक्त सरकारसाठी राखून ठेवलेला नाही. शेजारच्या नीरफणसाची एक फांदी त्यांच्या अंगणावर वाकली होती आणि फळ अगदी डोक्यावर पडायच्या बेतात होते. दुसरा कोणीही काठी घेऊन मोकळा झाला असता. साडूभाऊंनी शेजाऱ्याला लेखी विनंती केली, 'विषय : आपल्या झाडाचे परंतु माझ्या हवेतले एक फळ काढणेबाबत.' दाराशी कागद बघून शेजारी इतका हबकला की त्याला वाटले, जमिनीचा दावाच लागला. झाडावरची होती नव्हती ती सगळी फळे टोपलीत घालून तो धावत आला आणि वर विचारू लागला, "भाऊ, झाडच मारून उडोवू काय?" ते झाड वाचवायला साडूभाऊंना दुसरा अर्ज लिहावा लागला.

संध्याकाळची दोडामार्गाकडे जाणारी बस अचानक बंद झाली, तेव्हा त्यांनी बसस्थानकावर धरणे धरले. परवानगीच्या अर्जात 'अपेक्षित उपस्थिती' या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे 'एक' असे लिहिले होते. बंदोबस्ताला शिपाई आले दोन. साडूभाऊंनी त्या दोघांसाठी घरून पातळभाजी आणली होती आणि पोदेराकडचे, म्हणजे आमच्या पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव. घोषणा देण्याआधी ते खाकरायचे, समोरच्या औषधवाल्याकडे बघून "माफ करा हां" म्हणायचे आणि मग शाळेतल्या प्रार्थनेच्या आवाजात "बस सुरू करा" असे म्हणायचे. सगळे आटोपल्यावर त्यांनी जागा स्वतः झाडून काढली. एक शिपाई जाता जाता मला म्हणाला, "असलो मोर्चो रोज आसांदी." बस पुढे महिन्याभराने सुरू झाली. त्याचे श्रेय मात्र साडूभाऊंनी कधी घेतले नाही, कारण श्रेय घेण्याचा फॉर्म त्यांना कुठल्याच खिडकीवर मिळाला नाही.

कागदावरची ही भक्ती कुठून आली ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर पोटभर हसता येत नाही. मूळचे ते धारगळचे. लग्नानंतर शिरगावच्या बाजूला एका खाणीवर काट्यावर लागले. खनिजाचे ट्रक जिथे वजन करून सोडतात, तो काटा. भरला ट्रक किती, रिकामा किती, मधला फरक किती, ते लिहायचे आणि ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी द्यायची. सगळे तारुण्य त्या लाल धुळीत गेले. मग खाण बंद झाली. आपले काही देणे निघते का ते विचारायला गेले, तेव्हा कळले की ते ठेकेदाराचे माणूस, आणि ठेकेदाराच्या कागदावर त्यांचे नाव कधी चढलेच नव्हते. जन्मभर दुसऱ्यांना चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाकडे आपण तिथे होतो असे सांगणारी एक चिठ्ठी नव्हती. त्या दिवशी ते माझ्या दुकानात येऊन नुसते बसून राहिले होते, आणि जाताना त्यांनी एक कोरी वही विकत घेतली.

आता तीच गोष्ट अक्काच्या वाट्याला आली आहे. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला आहे. पहाटे उठायचे, सहाच्या पाळीला उभे राहायचे, दोनला सुटायचे. अकरा महिने झाले की ठेकेदार तिचे कार्ड काढून घेतो, थोडे दिवस घरी बसवतो आणि नव्या नंबरचे नवे कार्ड देतो. म्हणजे त्या खात्यातली सगळ्यांत जुनी बाई कागदोपत्री दरवर्षी नवीन. तिनेच हाताला धरून शिकवलेल्या दोघी कायम झाल्या, अक्का अजून नवीनच आहे. साडूभाऊंचे सगळे अर्ज आणि सगळी धरणी फिरून फिरून याच एका ठिकाणी येतात. आणि एवढे असून अक्का त्यांच्या एकाही धरण्याला आलेली नव्हती. "तुमी उबे रवा," ती म्हणायची, "मी दिसभर उबीच असतंय." एकदा, फक्त एकदा तिने आपल्या शेजारी येऊन उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी तिला कधी बोलून दाखवली नाही. मला मात्र दर झेरॉक्सबरोबर ऐकवली.

अशात देशभरातल्या कामगार संघटनांच्या एका समितीने हाक दिली. समान कामाला समान दाम, कंत्राटी कामगाराला भरपगारी रजा, आणि वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्याला कायमची नोकरी. साऱ्या देशात एकाच दिवशी, दुपारी दोन ते तीन, बाजारांनी दुकाने बंद ठेवून पाठिंबा द्यायचा आणि लोकांनी बाहेर फलक घेऊन गप्प उभे राहायचे. रस्ता अडवायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, परवानगी आधी काढायची. साडूभाऊ ते पत्रक वाचत होते आणि त्यांचे कान लाल होत होते. आयुष्यभर ज्या माणसाला लोकांनी येडा म्हटले, त्याला कळले की अख्ख्या देशात आपल्यासारखे आणखी आहेत. समितीची बैठक फोनवर होती, ती त्यांनी माझ्या दुकानात बसून केली. बसून म्हणजे उभ्याने. जो जो माणूस पडद्यावर येई त्याला ते हात जोडत. "शेट, आसामच्या मनशान माका हात दाखयलो!" ते ओरडले, आणि त्यांचा आवाज बंद करायचा राहिला असल्यामुळे ते सगळ्या देशाने ऐकले. आसामच्या माणसाने पुन्हा हात दाखवला. साखळी बाजाराची जबाबदारी त्यांच्यावर आली, तेव्हा त्यांनी माझ्या गल्ल्यावरच्या गणपतीला नमस्कार केला आणि लगेच अर्जाचा मजकूर सांगायला सुरुवात केली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी त्यांना चालताना पाहिलेच नाही, ते धावत होते. मामलेदार कचेरी, पोलीस ठाणे, नगरपालिका, परत ठाणे. रात्री फलक रंगवायचे आणि सकाळी दुकानोदुकानी फिरायचे. आश्चर्य म्हणजे बाजाराने त्यांना डोक्यावर घेतले. साध्या वर्गणीलाही तोंड फिरवणारे व्यापारी "दोन ते तीन बंद? ठेवतलो तर! न्यायाची गजाल ती!" असे म्हणून सह्या करू लागले. कापडवाला म्हणाला, न्यायासाठी मी चारपर्यंत बंद ठेवीन. मीही मोठ्या मनाने सही केली. साडूभाऊंचे डोळे भरून आले. "शेट, मी ह्या बाजाराक वळखूकच नव्हतंय," ते म्हणाले, आणि साखळीचा बाजार शंभर टक्के बंद राहणार असल्याचे त्यांनी समितीला कळवले.

आंदोलनाला तीन दिवस उरले असताना कोण कुठे उभे राहणार ते मोजायला ते टेप घेऊन दुपारी दोन वाजता बाजारात गेले. पंधरा मिनिटांनी त्यांनी माझ्या घराचे जनेल, म्हणजे खिडकी, बाहेरून अशी धडाधडा वाजवली की मी पलंगावरून खाली पडायचाच राहिलो.

"शेट, बाजार बंद आसा!"

"दोन वाजले, साडूभाऊ. बंदच आसतलो."

"तेंच सांगतंय मी!"

मी उठून बसलो आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे दुपारी एकला शटर खाली पडते ते चारला वर जाते. माणसे घरी जाऊन आमटीभात खातात आणि झोपतात. हे आम्हाला इतके ठाऊक आहे की कोणाच्याच ध्यानात येत नाही. सही देणारे आम्ही सगळे व्यापारी, परवानगी देणारे इन्स्पेक्टर, शिक्का मारणारी कचेरी, एकालाही सुचले नाही की दोन ते तीन बाजार बंद ठेवायला इथे बंद करण्यासारखे काही शिल्लकच नसते. साडूभाऊसुद्धा त्या वेळी घरात आडवे झालेले असत. बंद बाजार पाहायला जागा कोण असणार? मला हसू फुटले ते आवरेना. साडूभाऊ मात्र कदेलीवर, म्हणजे माझ्या दारातल्या खुर्चीवर, मटकन बसले. "आमी बंद केलो तरी बंद, नाय केलो तरी बंद. देवाक सुद्दा कळचा नाय." मग ते एकदम ताठ झाले. "उगडूया," ते म्हणाले.

मी म्हटले, काय?

"बाजार. सगळो देश बंद करतलो. आमी उगडूया."

त्यांनी तिथूनच समितीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने तीनदा विचारले, "खुली?" आणि साडूभाऊंनी तीनदा सांगितले, "जी, खुली." मग त्याला गोव्याची दुपार समजावून सांगावी लागली. शेवटी तो हसत म्हणाला की भाईसाब, जे करताना तुमच्या लोकांना जड जाईल तेच करा.

जड म्हणजे किती जड, ते दुसऱ्या दिवशी कळले. न्यायासाठी झोपायला तयार असलेला बाजार न्यायासाठी जागा राहायला मुळीच तयार नव्हता. कापडवाल्याने हात जोडले, "भाऊ, दुसरा काय पण मागा, न्हीद मागू नकात." भुसारवाल्याला एकदम रक्तदाब निघाला. इन्स्पेक्टर तर चक्रावले. "दुकान उगडूक परवानगी लागना हो," ते म्हणाले. "तरी पण दिया," साडूभाऊंनी अर्ज पुढे केला, आणि पिच्छा सोडवायला त्यांनी शिक्का मारला.

मग साडूभाऊ प्रत्येक दुकानात गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. आदल्या दुपारी बंद बाजारात त्यांना जे दिसले होते ते त्यात होते. "तुमी न्हिदतात, तेन्ना तुमच्या दुकानातली माणसां खय आसतत?" माझ्याकडे झेरॉक्सवर बसणाऱ्या बाई दोडामार्गाहून येतात. एक ते चार त्या कुठे असतात, हे मी सहा वर्षांत कधी विचारले नव्हते. त्या माझ्याच बंद शटरसमोर पायरीवर डबा खाऊन बसलेल्या असत. सगळ्या बाजाराच्या पायऱ्यांवर अशीच माणसे होती. घर लांब, बसचे भाडे परवडत नाही, म्हणून चार वाजायची वाट बघत बसलेली. मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. संध्याकाळपर्यंत कापडवाल्याचीही सही आली.

आणि तो दिवस! दोनला दोन मिनिटे कमी असताना पायऱ्यांवरची ती माणसे सोडली तर बाजारात चिटपाखरू नव्हते. बरोबर दोनला पहिले शटर वर गेले, ते माझे. मग कापडवाल्याचे, मग औषधवाल्याचे, मग रांगेने सगळी, आणि तो खडखडाट असा काही घुमला की आजूबाजूच्या घरांतून माणसे लुंगी सावरत बाहेर आली. "कोण गेलो?" प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच. दुपारी दोनला बाजार उघडण्याला मयताच्या सामानाखेरीज दुसरे कारण त्यांना सुचतच नव्हते. बघायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात साडूभाऊंनी फलक दिला आणि खडूने आखलेल्या रेघेमागे उभे केले. बघता बघता दोन्ही बाजूंच्या रांगा पुलाच्या वळणापर्यंत गेल्या. कामावरची माणसे पुढे, मालक मागे, आणि सगळे गप्प. मधूनच एका टोकाला कोणीतरी जांभई देई आणि ती रांगेतून दुसऱ्या टोकापर्यंत जाई. बंदोबस्ताचे शिपाईही तिच्यातून सुटले नाहीत. पण कोणी घरी गेले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. याच क्षणी आसामात, केरळात, कुठे कुठे माणसे अशीच उभी आहेत, या विचाराने मी, ज्याने जन्मात वीजबिलाविरुद्धही तक्रार केली नाही, तो फलक उंच धरून उभा होतो.

साडूभाऊ रांगेच्या तोंडाशी होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते रस्त्याकडे. अडीचच्या सुमाराला कारखान्याची बस तिथून जाते. सकाळी निघताना अक्काला त्यांनी फक्त वेळ सांगितली होती. ती "माका ठावक आसा" एवढेच म्हणाली होती.

बस आली. साडूभाऊंनी रस्ता इतका चोख मोकळा ठेवला होता की तिला वेग कमी करायचेही कारण नव्हते. खिडक्यांतून पॅकिंगच्या बायकांच्या जाळीच्या टोप्या दिसल्या, आणि बस आमच्यासमोरून सरळ निघून गेली. साडूभाऊंचा फलक दोन इंच खाली आला. एवढा मोठा बाजार त्यांच्यामागे उभा होता, आणि त्या माणसाचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिले.

पाचेक मिनिटे गेली असतील. पुलाच्या वळणावरून बायका चालत येताना दिसल्या. पंधरा-वीस जणी, डबे काखेत, टोप्या तशाच डोक्यावर. पुढे अक्का. ती थेट साडूभाऊंसमोर आली. धापा टाकत होती.

"आगे, गाडी मगे हंयच थांबोवची," साडूभाऊ कसेबसे म्हणाले.

"हंय थांबो ना. थांबो फुडें आसा. तुमीच शिकयलास नियम."

आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. साडूभाऊंनी फलक एवढा वर धरला की त्यांच्या सदऱ्याची काखेतली शिवण उसवली, तो आवाज मला ऐकू आला.

सकाळी सहापासून उभी असलेली बाई पुन्हा उभी होती. मी दुकानातून खुर्ची आणली. अक्काने खुर्चीकडे बघितले आणि साडूभाऊंना विचारले, "परवानगेत बसूक आसा?" साडूभाऊंनी खिशातून कागद काढला. त्यात 'उभे राहून' असे स्वच्छ लिहिले होते, त्यांनीच आग्रहाने घालून घेतले होते. इन्स्पेक्टर समोरच होते. साडूभाऊंनी कागद वाचला, त्याची घडी केली, खिशात घातली आणि माझ्या हातातली खुर्ची घेऊन रेघेच्या पुढे ठेवली. "बस," ते म्हणाले. इन्स्पेक्टर कापडवाल्याच्या दुकानातल्या साड्या बघू लागले.

पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. मागण्यांचा निकाल अजून लागलेला नाही. समितीचे लोक चर्चेला जाऊन आले, पुन्हा जाणार आहेत. महिन्याभरानंतर अक्काचे कार्ड नेहमीप्रमाणे गेले, काही दिवसांनी नवे आले, आणि ती पुन्हा नवीन झाली. बाजारात आता एक ते चार माझ्या दुकानाचे मागचे दार उघडे असते आणि आत पंखा चालू असतो. एवढाच काय तो फरक, आणि तो सांगतानाही मला संकोच वाटतो.

पण त्या दिवशी तीन वाजले तेव्हा कोणी हलले नाही, कारण खुर्चीवर बसल्या बसल्या अक्काला झोप लागली होती. मान एका बाजूला कलली होती, डबा मांडीवर होता. साडूभाऊंनी तोंडावर बोट ठेवले. माणसे पाऊल न वाजवता निघून गेली, फलक एकावर एक अलगद ठेवून. कापडवाल्याने आपले शटर ओढले नाही, आवाज होईल म्हणून. ऊन खुर्चीवर आले, तसा साडूभाऊंनी आपला फलक तिच्या डोक्यावर आडवा धरला. परवानगीची वेळ संपली होती. इन्स्पेक्टर जवळ आले, घड्याळ बघितले आणि हळूच म्हणाले, "माझा घड्याळ मात्शे फुडें आसा." आणि ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. फलक धरायला मी पुढे झालो, तर साडूभाऊंनी नुसती मान हलवली.

अक्का जागी झाली ती दचकून. सगळीकडे पाहिले, तर रस्ता रिकामा.

"संपलो मोर्चो?" तिने विचारले.

"ना," साडूभाऊ म्हणाले. "चालू आसा."

तिने पदराने तोंड पुसले आणि ती आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.